राहणार कुठं, ते आधी सांग

पत्र असं आलंय:

"ताई नमस्कार, मी नांदेडला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्ही चौघी मैत्रिणी डिसेंबरच्या शेवटी परीक्षा संपली की अमृतसर, दिल्ली आणि जमलं तर आग्रा करून यायचं म्हणतोय. घरातून माणशी सहा हजार मिळणारेत, सगळं धरून. ॲपवर हॉटेलं बघितली तर चौघींना पुरेल अशी बरी खोली दोन हजाराच्या खाली नाही, आठ रात्रींचे सोळा हजार म्हणजे माणशी चार हजार नुसते राहण्यातच गेले. सहाशे-सातशेच्या खोल्या पण आहेत पण रिव्ह्यू वाचून अंगावर काटा येतो. एका मैत्रिणीचे बाबा म्हणतात पोरी लॉजवर राहणार नाहीत, विषय संपला. माझी आई म्हणते राहणार कुठं ते आधी सांग, मग बाकीचं बोल, नाहीतर गुरुग्रामला माझी मावसबहीण आहे तिच्याकडं राहा सगळ्याजणी. आमच्यातली एक जानेवारीच्या शेवटी अठराची होते, त्यानं काही फरक पडतो का? स्वस्तात पण नीट राहायचं कसं ते सांगा ना. एक नांदेडकर."

अगं नांदेडकर, आईचा प्रश्न एकदम बरोबर आहे, हिशोब तुझा चुकलाय. आठ रात्री गुणिले दोन हजार हे गणित मांडलंस तिथंच घोळ झाला, कारण आठही रात्री तुम्ही खोलीत झोपणारच नाही आहात. एक कागद घे आणि रात्री मोज.

सचखंड एक्सप्रेस सकाळी नांदेड सोडते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळ उलटल्यावर अमृतसरला पोचते, दोन हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पहिली रात्र गाडीत गेली. वाटेत दिल्ली लागते म्हणून बरेचजण आधी तिथं उतरतात, मी असते तर सरळ शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले असते, कारण परतीची सचखंड अमृतसरहून पहाटे सुटते आणि थंडीत त्या वेळी चार पोरींनी बॅगा ओढत स्टेशन गाठायचं म्हणजे आदली रात्र पण वाया जाते, तीच गाडी दिल्लीहून दुपारी मिळते. तर अमृतसरला दोन रात्री, मग रात्रीची गाडी पकडून सकाळी दिल्ली, दिल्लीत तीन रात्री, त्यातलाच एक दिवस आग्र्याला जाऊन परत, आणि शेवटची रात्र पुन्हा सचखंडमध्ये. आता मोज, तीन रात्री गाडीत, अमृतसरच्या दोन, दिल्लीच्या तीन. आठ रात्रींचा प्रश्न पाचवर आला आणि त्यातली अमृतसरची एक तरी जवळजवळ फुकटात होते. म्हणजे खरा खर्च चार रात्रींचा आहे आणि डोकं लावायचं ते दिल्लीसाठी.

आधी अमृतसर. तू नांदेडची आहेस म्हणून तुला हे समजवायला सोपं आहे. हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या आसपास पंजाबातून आलेली कुटुंबंच्या कुटुंबं यात्री निवासात उतरतात, सकाळी पोरांना अंघोळी घालून लंगरला नेतात, हे तू लहानपणापासून बघत असशील. त्याचंच दुसरं टोक अमृतसरला आहे. दरबार साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, परिसरात गुरू रामदास सराय आणि अजून बऱ्याच सराया म्हणजे धर्मशाळा, निवास आहेत, काहींत अगदी मामुली पैसे, काहींत तेही नाहीत, आणि सारागढी निवाससारख्या ठिकाणी हॉटेलसारखी खोली पैसे भरून मिळते. स्टेशनवरून तिकडं जायला गुरुद्वाऱ्याची फुकट बस पण असते. लंगर दिवसरात्र चालू. जालियनवाला बाग चालत पाच-सात मिनिटांवर, वाघा बॉर्डर तीसेक किलोमीटर, त्यामुळं तिथं राहिलात तर रिक्षाचा खर्च पण वाचतो.

पण एक सांगते आणि जरा कडक सांगते. सराय म्हणजे स्वस्त हॉटेल नव्हे. ती यात्रेकरूंसाठी आहे, लोकांच्या दानावर आणि सेवेवर चालते. तिथं जाऊन गिझर नाही, गादी पातळ आहे, खिडकीतून व्ह्यू नाही अशी कुरकुर करायची नाही, डोकं झाकायचं, तंबाखू-सिगारेटचा विषयच नाही, दोन-तीन दिवसांच्या वर रेंगाळायचं नाही, आणि निघताना गोलकमध्ये, म्हणजे दानपेटीत, जमेल तेवढं टाकायचं. जमलं तर लंगरच्या भांड्यांजवळ अर्धा तास उभ्या राहा. आमच्या वेळी माझ्या एका मैत्रिणीनं ताटं धुता धुता शेजारच्या लुधियानाच्या काकूंशी अशी गट्टी केली की त्यांनी आम्हाला रात्री दोन जाड रजया आणून दिल्या, नाहीतर आम्ही त्या रात्री स्वेटरवर स्वेटर घालून कुडकुडत बसलो असतो.

आणि पहिली रात्र सरायच्या भरवशावर टाकू नका. डिसेंबरच्या शेवटी उत्तरेत धुकं असतं, गाड्या तीन-चार तास लेट होणं तर काहीच नाही, कधी कधी जास्त पण होतात. समजा तुम्ही रात्री एकला उतरलात, त्यात नाताळ ते नवीन वर्ष म्हणजे तिथं तुफान गर्दी, खोल्या कधीच भरलेल्या, मग चौघी हॉलमध्ये बॅगा उशाशी घेऊन बसणार आणि तिकडं आई फोनवर फोन करणार. म्हणून पहिल्या रात्रीची खोली पैसे देऊन, आधी बुक करून, चौघींत एक. दीड-दोन हजार गेले तरी माणशी चारशे-पाचशे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत सरायच्या ऑफिसात जाऊन दुसऱ्या रात्रीचं बघा, मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर आहे तीच खोली वाढवा. कुठल्याही प्रवासात मी हेच करते, उतरल्या उतरल्याची रात्र पक्की, पुढच्या रात्री बघू.

आता ती अठराची भानगड. हो, फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. बॅकपॅकर हॉस्टेलं म्हणजे झॉस्टेल, गोस्टॉप्स वगैरे जी तुमच्या डोक्यात असतील, तिथं डॉर्ममध्ये, म्हणजे एका खोलीत बरेच बेड असतात आणि आपण एक बेड भाड्यानं घेतो तिथं, साधारण अठरा पूर्ण लागतात. हॉटेलवाले पण आयडीवरची जन्मतारीख बघतात आणि बरोबर मोठं माणूस कोण आहे विचारतात. काही ठिकाणी पालकांचं पत्र आणि त्यांच्या आधारची कॉपी चालते, काही ठिकाणी नाही चालत, आणि हे कळतं कधी, तर रात्री काउंटरवर उभं राहिल्यावर. म्हणून मी तुला सरळच सांगते, डिसेंबर सोड. फेब्रुवारीत जा. मैत्रीण अठराची झालेली असेल, धुकं कमी झालेलं असेल, २६ जानेवारीच्या परेडमुळं दिल्लीत जो बंदोबस्त आणि गर्दी असते ती पण उतरलेली असेल, नवीन वर्षाचे वाढवलेले भाव खाली आलेले असतील. कॉलेज आठवडाभर बुडेल. बुडू दे, हे मी लिहिलंय ते सरांना दाखवू नकोस म्हणजे झालं. रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळं तारीख ठरवायला आत्ता वेळ पण आहे.

दिल्ली. इथं सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे डॉर्म स्वस्त. डॉर्म एकट्या माणसाला स्वस्त असतो गं. पाचशे-सहाशेला एक बेड धरला तरी चौघींचे दोन-अडीच हजार झाले, आणि तेवढ्यात तुम्हाला स्वतःची कडी असलेली चार जणींची खोली मिळू शकते. चौघी असाल तर आधी फॅमिली रूम, चार बेडची खोली, नाहीतर तीन बेड आणि एक जास्तीची गादी असं विचारायचं, डॉर्म नंतर. लेडीज डॉर्मचा फायदा एवढाच की बाकीच्या पोरी भेटतात, कुठं काय खायचं ते कळतं.

आता जागा. पहाडगंज भागात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, दिल्लीतल्या मराठी लोकांनी उभं केलेलं, आरामबागजवळ, आर के आश्रम मेट्रो तिथून जवळ. महाराष्ट्रातून येणारे कितीतरी जण, परीक्षेला आलेली पोरं, काशी-हरिद्वार करून परतणारे आजी-आजोबा तिथं उतरतात. झगमगाट काही नाही, पण मॅनेजरशी मराठीत बोलता येतं आणि तुमच्या त्या बाबांसाठी एवढंच पुरेसं आहे. त्यांना लॉज नको ना, मग त्यांनाच फोन करायला लाव. खरंच सांगते, हा उपाय मी दोन-तीन घरांत चाललेला बघितलाय, बाप लोक स्वतः चौकशी केलेल्या जागेला नाही म्हणत नाहीत. खोली आहे का, चार मुली आहेत, भाडं काय, रात्री गेट किती वाजता बंद होतं, सगळं त्यांनीच विचारू दे.

तिथं नाही मिळालं तर वायडब्ल्यूसीए या बायकांच्या संस्थेची गेस्ट हाउस आहेत, संसद मार्गावर एक आणि अशोका रोडवर एक, मुलींसाठी एकदम सेफ आणि शहराच्या मधोमध, पण स्वस्त म्हणता येणार नाही, चौघींत वाटून बघा परवडतं का. चाणक्यपुरीत यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचं मोठं हॉस्टेल आहे, त्याची मेंबरशिप घेतली तर दुसऱ्या गावांत पण उपयोगी पडते. गोव्याला जायचं झालं तर पणजीत मिरामारला यूथ हॉस्टेल आहे, संभाजीनगरला पण आहे, तुम्हाला वेरूळ-अजिंठ्याला जाताना कामाचं, तेव्हा एकदा सभासद होऊन ठेवलं तर वाया जाणार नाही. बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात पण राहायची सोय आहे, पण खोल्या मोजक्या आणि मागणी भरपूर, त्यावर प्लॅन आखू नका, लंगरला मात्र नक्की जा.

सकाळी सहाला दिल्लीत उतरलात आणि चेक-इन दुपारी बाराला, मग मधल्या वेळात काय, हे कोणीच आधी विचारत नाही. दोन रस्ते. एक म्हणजे जिथं राहणार तिथं फोन करून विचारायचं की बॅगा ठेवून तोंड धुवून बाहेर पडू का, बहुतेक जण हो म्हणतात. दुसरा म्हणजे स्टेशनवरची रिटायरिंग रूम, ती कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन बुक होते, आणि मोठ्या स्टेशनांवर डॉर्मिटरीतला बेड पण मिळतो. क्लोक रूममध्ये बॅग ठेवायची असेल तर बॅगेला कुलूप लागतं, साधं नंबरचं कुलूप घेऊन ठेवा प्रत्येकीला. आग्र्याला मुक्काम करू नका, सकाळची गाडी, रात्री परत, फक्त शुक्रवार टाळा, ताजमहाल शुक्रवारी बंद असतो.

त्या सहाशेच्या खोल्यांबद्दल. मी एमए करत होते तेव्हा आम्ही तिघी एका मोठ्या शहरात स्टेशनसमोर अशाच एका लॉजवर राहिलो, नाव सांगत नाही. दाराला आतून कडी होती, पण कडी जिथं अडकवायची तो कोयंडाच उखडलेला. खाली सांगायला गेलो तर तो म्हणाला, कुछ नहीं होता मॅडम. मग आम्ही टीपॉय दाराला लावला, त्यावर तिघींच्या बॅगा आणि सगळ्यात वर स्टीलचा तांब्या, कोणी दार ढकललं तर पडून आवाज होईल म्हणून. रात्री अडीचला तांब्या पडला. आम्ही दोघी किंचाळत उठलो, आणि तिसरी अंधारात उभी, तिला बाहेरच्या बाथरूमला जायचं होतं आणि ती गुपचूप तांब्या उचलायला गेली होती. माणशी दीडशे रुपये वाचवले आणि दुसऱ्या दिवशी म्युझियमच्या बाकावर तिघी पेंगत बसलो, वर गरम पाण्याच्या बादलीचे वीस रुपये वेगळेच. तेव्हापासून खोलीत शिरल्यावर आधी कडी-कोयंडा, मग बाथरूमचं दार, मग खिडकी, आणि हे पसंत पडल्यावरच रजिस्टरवर सही.

रिव्ह्यू वाचताना सगळ्यात नवीन आणि सगळ्यात वाईट हे दोनच वाच, मधले सोड. लोकांनी स्वतः टाकलेले फोटो बघ, हॉटेलनं टाकलेले नको. मॅपवर मेट्रो स्टेशनपासून चालत किती मिनिटं ते बघ, कारण शंभर रुपये स्वस्त खोली जर दोन किलोमीटर आत असेल तर रोज रात्री रिक्षाला तेवढेच जातात. ॲपवर आधी दिसतो तो भाव आणि पैसे भरायच्या पानावरचा भाव यात टॅक्स आणि कसली कसली फी येऊन बसते, ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्यापेक्षा जास्त काही लावलेलं दिसलं तर विचार. आणि खोली पसंत पडली की थेट हॉटेलला फोन कर, "चार मुली आहोत, स्टुडंट आहोत, गाडी लेट झाली तर रात्री दोनला पण घेणार का?" हा प्रश्न विचारल्यावर पलीकडचा माणूस कसं बोलतो त्यावरून अर्धं कळतं.

एक धोका मात्र नीट लक्षात ठेव. मोठ्या देवस्थानांच्या भक्त निवासांच्या, सरायांच्या नावानं खोट्या वेबसाइट असतात, दिसायला अगदी खऱ्यासारख्या, सारागढी निवासच्या नावानं पण झाल्यात. सर्चमध्ये सगळ्यात वर आलेल्या नंबरवर फोन करून, तो म्हणतो म्हणून यूपीआयवर ॲडव्हान्स पाठवायचा नाही. संस्थेच्या अधिकृत साइटवरून बुक करा नाहीतर तिथं जाऊन. चुकून पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, जितका उशीर तितकं पैसे अडवणं अवघड. आधारची कॉपी मागितली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. कोणी नाहीच म्हणालं तर कॉपीवर तारीख आणि कशासाठी दिली ते पेननं आडवं लिहून द्या.

गुरुग्रामच्या मावशीचं काय करायचं? मावशीकडे राहू नका. गुरुग्राम ते लाल किल्ला मेट्रोनं एक-सव्वा तास धर, जाऊन येऊन अडीच तास रोज, आणि दोन खोल्यांच्या घरात चार पोरी तीन रात्री म्हटल्यावर मावशी तोंडावर काही बोलणार नाही, पण नंतर तुझ्या आईला फोनवर जे ऐकावं लागेल ते वेगळंच. एका रात्री जेवायला जा, जाताना घरचे शेंगदाण्याचे लाडू, काळा मसाला असं काहीतरी ने. आणि मावशीचा नंबर चौघींच्या घरी देऊन ठेव. दिल्लीत आपलं माणूस आहे हे ऐकूनच आयांना निम्मी झोप लागते.

पैशांचं बघ आता. अमृतसरची पहिली रात्र माणशी पाचशे, दुसरी रात्र सरायमध्ये तर शंभरेक टाका गोलकमध्ये, दिल्लीच्या तीन रात्री पाचशे-पाचशे धरल्या तर दीड हजार, झाले एकवीसशे. तू चार हजार धरले होतेस. स्लीपरची जातायेताची तिकिटं आणि मधली अमृतसर-दिल्ली धरून दोन हजारांच्या आसपास, उरलेल्यात खाणं, मेट्रो आणि ताजमहाल. टाइट आहे पण होतं. रेल्वेची विद्यार्थी सवलत घरी जायला आणि कॉलेजच्या शैक्षणिक सहलीला असते, अशा ट्रिपला मिळत नाही, त्यात वेळ घालवू नका. तिकीट काढताना लेडीज कोटा बघा, लांबच्या मेल-एक्सप्रेसना स्लीपरमध्ये सहा बर्थ बायकांसाठी असतात, वयाची अट नाही. गाडीत काही त्रास झाला तर रेल्वेची हेल्पलाइन १३९.

आणि सचखंडमध्ये ताट-वाटी-चमचा बरोबर ठेवा. त्या गाडीला वाटेत कितीतरी स्टेशनांवर सेवेकरी लंगर घेऊन येतात, खिडकीतून गरम खिचडी, पोळी-भाजी, चहा, आणि ज्याच्याकडं भांडं नाही तो नुसता बघत बसतो. स्लीपरमध्ये पांघरूण मिळत नाही, फेब्रुवारीत सुद्धा भोपाळच्या पुढं थंडी वाजते, तेव्हा साधी पातळ चादर नको, सोलापूरी चादर दोघींत एक तरी घ्या. तारीख ठरली की कळव, आणि ते बाबा फोनवर काय बोलले ते पण सांग, मला उत्सुकता आहे.